पुढं भिणारा माणूस

शामराव मिस्त्रींच्या घराचं दार कधीच नीट लागलं नाही. ते त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं, अस्सल सागवानी. कोल्हापुरात त्यांच्यासारखा पॅटर्नमेकर दुसरा नव्हता, हे आमच्या फौंड्रीत मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मान्य करत. तरी दार चौकटीपेक्षा जवळजवळ इंचभर मोठं झालं.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी पॅटर्न म्हणजे काय ते सांगावं लागेल. जी वस्तू लोखंडात ओतायची, तिचा आधी लाकडी नमुना करतात. तो ओलसर वाळूत दाबून अलगद काढून घेतला की वाळूत त्याच आकाराची पोकळी राहते. तीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड गार होताना आटतं. म्हणून नमुना तेवढ्या हिशेबानं मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरकडे पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर लांब असतो. मिस्त्रींनी घराचं दार त्या पट्टीनं मोजलं. चौकट मात्र गवंड्यानं साध्या टेपनं बसवली होती. दार आत जाईना तेव्हा मिस्त्रींच्या पत्नी सुमनवहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मिस्त्रींनी दाराला वरून खाली न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, "लोखंडाचं असतं तर आतापतूर बसलं असतं."

नंतर त्यांनी त्याला रंधा मारला, पण तो मारतानाही त्यांचा जीव होईना. पावसाळ्यात दार फुगायचं आणि अर्धवट उघडं राहायचं. त्यामुळे त्या घरात कोणीही, केव्हाही, न विचारता शिरायचं. मीही तसाच शिरलो.

मी पंच्याण्णव साली किनवटकडून कोल्हापूरला आलो. बायकोला घेऊन, एक रात्र आणि अर्धा दिवस गाड्या बदलत. आठवीतच माझी शाळा सुटली होती. परीक्षेच्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत गेलो आणि तिथूनच मागे फिरलो. कशाला भ्यालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. पुढं वीटभट्टी केली, रस्त्याची कामं केली, पण मागे फिरण्याची ती सवय अंगाला चिकटूनच राहिली. घराला कुलूप लावलं तरी चार पावलं जाऊन पुन्हा हिसका देऊन बघायचो. बायको म्हणायची, "कुलपाला तरी झोपू द्या."

असा माणूस फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारा, म्हणून लागला, म्हणजे बघा. चारी बाजूंना आग. भट्टीतून लोखंड निघायचं तेव्हा मी आपोआप दाराकडे सरकायचो. भट्टीवरचा संभा, हा छातीनं दांडगा आणि आवाजानं त्याहून दांडगा गडी, त्यानं दुसऱ्याच दिवशी माझं नाव 'दारपाळ' ठेवलं. "दारपाळ, कोण आलं का बघा भाईर!" असं तो ओरडला की सगळी शेड हसायची.

मिस्त्री त्या हसण्यात नव्हते. ते त्यांच्या कोपऱ्यातून, कानावर पेन्सिल ठेवून, बघत होते. बुटका, काळा, घट्ट माणूस. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच, उरलेलं करवतीनं नेलेलं. एक दिवस ते जवळ आले.

"पावणं, दाराजवळ का हुबं ऱ्हाताय?"

खोटं सुचलं नाही. "भ्याव वाटायलंय."

"भट्टीपासनं दार किती पावलं हाय?"

"सतरा."

"आन तुमच्या जाग्यापासनं?"

"अकरा. पण मधी वाळूचा ढीग असला तर तेरा."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि हातातल्या फळीवर 'सतरा' असं लिहिलं. मग म्हणाले, "पंचवीस वर्सं झाली मला हितं. मला ठावं न्हवतं." आणि निघून गेले. त्या दिवसापासून अकरा वर्षं त्यांनी मला 'पावणं' म्हणूनच हाक मारली आणि मी त्यांना 'मिस्त्री'.

त्यांची एक सवय सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वाळू तपासायचं काम मोल्डरचं, पण मिस्त्री येता-जाता ढिगात हात घालायचे. मूठ घट्ट दाबायची, उघडायची आणि तळहातावरचा गोळा अंगठ्यानं मधोमध मोडायचा. कडा सुबक मोडली, बोटांचे ठसे उमटले, की पाणी बरोबर. भुसभुशीत सुटली तर कोरडी. हाताला चिकटली तर ओली, आणि ओल्या वाळूत तापलेलं लोखंड ओतलं तर साचा फुटून माणसाच्या तोंडावर येतो. ही मूठ मिस्त्रींच्या हातातून सुटतच नव्हती. शेतात गेले तर माती दाबून मोडायचे. आमच्या मुलीच्या बारशाला ताटातला रव्याचा लाडू उचलला, दाबला, मोडला आणि वाकून कड बघून माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, पाक जरा कमी पडलाय." ती अशी चिडली! चार दिवस मला जेवताना तेच ऐकवत होती. पाचव्या दिवशी त्यांच्याकडेच लाडवाचा डबा पाठवला, पाक वाढवून.

आमच्या फौंड्रीला सोमवारी सुट्टी, कारण त्या दिवशी वीज नसायची. वैशाखी पौर्णिमेला मिस्त्रींच्या घरी बुद्धवंदना आणि खीर असायची, आणि त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी ते फौंड्रीतल्या दहा-बारा जणांना घेऊन घळीला जायचे. दरवर्षी. नेम चुकायचा नाही. मला पहिल्यांदा शहाण्णव साली नेलं. मी न येण्याची तीन कारणं सांगितली होती; पोहता येत नाही हे त्यातलं शेवटचं आणि खरं होतं.

"कुणाला येतंय?" मिस्त्री म्हणाले. "पवायचं न्हाय, चालायचं हाय."

पहाटेच्या एस.टी.नं गडहिंग्लज, तिथून घाटाकडे जाणारी दुसरी गाडी, आणि मग धुळीच्या रस्त्यानं मिस्त्रींच्या आजोळची वाडी. तिथं मामी नाचणीच्या भाकरी आणि खर्डा घेऊन वाटच बघत असायच्या. वाडीच्या मागे नदी. उन्हाळ्यात नदी म्हणण्याइतकी उरलेली नसायची. घोटाभर पाणी, दगडादगडांतून वाट काढणारं. त्या पाण्याच्या उलट दिशेनं शंभर पावलं गेलं की डोंगर मधोमध चिरल्यासारखा दिसायचा. तीच घळ. त्या चिरेतून दोन मैल वर चाललं की माणूस वरच्या गावाला निघायचा. ते बाजाराचं गाव, तिथून एस.टी.

बाहेर वैशाखाचं ऊन असं की डोक्यावरची टोपी तापावी. आणि घळीत पाऊल टाकलं की अंगावर गार श्वास. मी आयुष्यात तशी गारठा देणारी दुपार पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंना काळा कातळ, पाण्यानं घासून घासून घागरीच्या पोटासारखा झालेला. वर आभाळाची एक चिंधी. भिंतीतून उंबराची मुळं लोंबत होती, पाकोळ्या डोक्यावरून सुरकांडी मारत होत्या. आणि आवाज! एक जण खाकरला तरी दहा जण खाकरल्यासारखं व्हायचं. संभानं तिथं मोठ्यानं हाळी दिली आणि स्वतःच दचकला.

या घळीतल्या प्रत्येक जागेला नाव होतं. तोंडाशी 'उंबरा'. पुढं छातीभर पाण्याचा डोह, ती 'न्हाणी'. मग उजव्या हाताला, माणसाच्या दीडपट उंचीवर, पंधरा माणसं बसतील असा सपाट कातळ, तो 'माळा'. माळ्यानंतर घळ एकदम आवळते. दोन्ही कोपरं भिंतींना लागतात. दोनशे पावलं तशीच, एकामागे एक जायचं, वर चढायला कुठंही जागा नाही. ते 'कवाड'. आणि कवाड ओलांडलं की उजेड, मोकळं पात्र, ते 'परसू'. ही सगळी नावं मिस्त्रींच्या आजीनं ठेवलेली.

"आजीला एका खोलीचं घर हुतं," मिस्त्री माळ्यावर बसून भाकरी मोडत म्हणाले. "म्हणून तिनं हितं मोठं घर घेतलं."

"पण आजी हितनं कशाला यायची? वरनं रस्ता हाय की," संभानं विचारलं.

"रस्ता गावातनं जातोय." मिस्त्रींनी घास गिळला. "सरपणाचा भारा घेऊन बाजाराला जायची. गावातनं जायचं तर आमच्या माणसांनी चपला हातात घ्यायच्या. घळीतनं यायचं तर पाण्यासाठी हातात घ्यायच्या. आजी म्हणायची, हातात घ्यायच्याच हाईत, तर पाण्याचा मान राखूया."

खाली पाणी वाजत होतं. संभाच्या आईचं माहेर ते वरचं गाव होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो भाकरीकडे बघत म्हणाला, "मिस्त्री, माझी आजी त्याच गावची."

"ठाव हाय की. तुझ्या आजीनं माझी आजी बघितलीच नसंल. ती हितनं यायची न्हवं?" आणि मिस्त्रींनी खर्ड्याचा गोळा त्याच्या भाकरीवर ठेवला. "खा. तिखट हाय, दमानं."

ही गोष्ट त्यांनी त्यानंतर पुन्हा कधी सांगितली नाही. त्यांच्या बोलण्यात कसलंही गाऱ्हाणं नव्हतं. छप्पन्न साली घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मिस्त्री नऊ वर्षांचे होते. त्यानंतर आजीनं रस्त्यानं जायला सुरुवात केली, पायात चपला घालून, अगदी मधोमध. पण वर्षातून एकदा ती नातवाला घेऊन घळीतून जायची, घर नीट आहे का बघायला. म्हणून मिस्त्री जात. आम्ही त्यांच्या घरातले पाहुणे होतो आणि ते आम्हाला तसंच वागवत. डोहात उतरताना प्रत्येकाच्या दंडाला धरून, "या, या, निसरडं हाय" असं म्हणत.

पहिली काही वर्षं मिस्त्री स्वतः पुढं असत. मग त्यांचा गुडघा धरू लागला आणि त्यांनी शेपटाला चालायचं ठरवलं. पुढं कोण, हा प्रश्न आला तेव्हा संभा आपोआप पुढं जाऊन उभा राहिला. मिस्त्रींनी त्याला मागं बोलावलं.

"पावणं, तुम्ही पुढं व्हा."

मला वाटलं चेष्टा आहे. सगळे हसलेसुद्धा. संभा म्हणाला, "मिस्त्री, दारपाळ पुढं? बेडूक उडाला तर पळंल की त्यो!"

"म्हणूनच की. धीट माणूस पुढं घातला की त्यो फकस्त चालतोय. भिणारा सगळं बघतोय. पुढं भिणारा माणूस पायजे. तू मधी ऱ्हा, कोण पडला तर उचलायला."

आणि एक नियम सांगितला. माळ्याशी थांबायचं. पाणी बघायचं, भिंत बघायची. मन म्हणेल तरच कवाडात शिरायचं. पुढचा थांबला तर मागच्या कोणीही पुढं जायचं नाही, स्वतः मिस्त्रींनीसुद्धा. हा नियम आजीच्या वेळचा नव्हता. वरच्या गावाशी नुकताच बंधारा झाला होता, आपल्याकडे असतात तसा, दगडी खांबांच्या खाचांत लोखंडी फळ्या, म्हणजे बरगे, अडकवून पाणी अडवणारा. खालच्या शेतकऱ्यांच्या पंपांना पाणी पाहिजे झालं की एखाद्या गाळ्याचे, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेचे, बरगे काढत. आजीच्या घराला बंधारा माहीत नव्हता.

त्या पहिल्या वर्षी माळ्याशी मी थांबलो आणि पाण्यावर फेस दिसला. पांढरा, फुगलेला, कवाडातून वाहत येणारा. "चढा वर," मी म्हणालो. सगळे माळ्यावर चढले. दीड तास बसलो. फेस येत राहिला, पाणी तेवढंच. शेवटी फेसामागून कपडे धुवायच्या साबणाचा निळा कागद तरंगत आला. वर परसूत बायका धुणं धूत होत्या.

संभा इतका हसला की माळ्यावरून पडता पडता राहिला. शेवटची एस.टी. चुकली; उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आजऱ्यापर्यंत आलो. पुढं वर्षभर फौंड्रीत माझं जिणं नकोसं केलं लोकांनी. "पावणं, पूर आला, पळा!" म्हणून पाण्याचा मग सांडायचे. एकदा जेवणाचा डबा उघडला तर भाकरीच्या जागी साबणाची वडी. भाकरी संभाच्या डब्यात होती. त्यानं ती परत दिली, पण तोवर सगळ्यांचं हसून झालं होतं. मी हसण्यावारी नेत होतो. घरी मात्र बायकोला म्हणालो, आपण गावाकडं जाऊ. ती म्हणाली, साबणामुळं?

मी मिस्त्रींच्या घरी गेलो. ते उंबऱ्यात बसून पॅटर्नला पॉलिशकागद मारत होते.

"पुढच्या वर्षी मी पुढं नाही," मी म्हणालो.

"का?"

"चुकलो न मी. सगळे हसायलेत."

त्यांनी लाकडावरची भुकटी फुंकली. "थांबायचं काम तुमचं हुतं, ते तुम्ही केलासा. पाणी यायचं का न्हाय यायचं, ते पाण्याचं काम. त्येचं तुम्ही कशाला अंगावर घेताय?" मग चहा आला. विषय त्यांच्याकडून संपला होता. माझ्याकडून नव्हता. मला मनातून पक्कं ठाऊक होतं की पुन्हा पुढं उभा राहिलो आणि पुन्हा थांबायची वेळ आली, तर मी थांबणार नाही. पाण्यापेक्षा मला आता संभाच्या हसण्याचं भय जास्त होतं.

पुढच्या वैशाखात त्यांनी मलाच पुढं घातलं. अकरा जण होतो. उंबरा ओलांडला, न्हाणीत छातीभर पाण्यातून गेलो, माझ्या मागे संभा साबणाची गाणी रचत होता. माळ्याशी आलो. पाणी स्वच्छ, घोट्याएवढं. फेस नाही, पाचोळा नाही. मी मागे वळून "चला" म्हणणारच होतो.

माळ्याच्या खाली, माझ्या छातीच्या उंचीला, कातळात एक खोलगट देवळीसारखी जागा होती. तीत दरवर्षी वाळू असायची, राखेसारखी कोरडी. टोपीत कोरडी राखलेली विडी ओढून मी तीत विझवायचो. त्या दिवशी विडी विझवायला हात घातला तर वाळू गार लागली. का कोण जाणे, मी मूठभर उचलली आणि दाबली. मूठ उघडली.

गोळा झाला होता. चारही बोटांचे ठसे उमटले होते. अंगठ्यानं मोडला तर कड सुबक मोडली.

आमच्यातल्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं. आयुष्य त्यातच गेलेलं. ही वाळू आजच भिजली होती, म्हणजे आज सकाळी पाणी इथं, छातीपर्यंत आलं होतं आणि उतरलं होतं. वर कोणीतरी बरगे काढून पुन्हा घातले होते. जे एकदा काढतात ते पुन्हाही काढतात. किंवा दिवसाचं काम तेवढंच असेल आणि आता उद्यापर्यंत काही नाही. कवाडाची दोनशे पावलं, फार तर सात-आठ मिनिटं.

"काय झालं? साबण दिसला?" संभा म्हणाला. हसू घळीत घुमलं, दहापट होऊन माझ्यावर आलं.

मी शेपटाकडे मिस्त्रींना शोधलं. ते सगळ्यांच्या मागं, भिंतीला हात लावून, गुडघा चोळत उभे होते. मी त्यांच्याकडे बघतोय हे त्यांना दिसलं. त्यांनी मान फिरवली आणि वर पाकोळ्यांकडे बघायला लागले. नंतर कितीतरी दिवस मला त्या मान फिरवण्याचा राग होता.

मी गोळा हातात तसाच धरून म्हणालो, "चढा वर. मी नाही जात."

"आरं चल की मर्दा! दोनशे पावलं ऱ्हायलीत. परत एस.टी. चुकवतोस व्हय?" संभानं मला बाजूला सारलं आणि कवाडात शिरला.

"संभा," मागून मिस्त्रींचा आवाज आला, अगदी साधा, "पुढचा थांबलाय."

संभा थांबला. रागानं लाल झाला होता. पण नियम मिस्त्रींच्या घरातला होता. तो मागे फिरला, माझ्या हातातला गोळा त्यानं बघितला, आणि माळ्यावर चढला. मिस्त्रींना आम्ही दोघांनी हात देऊन वर ओढलं.

बसलो. पाणी तेवढंच. अर्धा तास गेला. कोणीतरी भाकरी सोडली. कोणीतरी मला "पावणं, औंदा कुठला साबण?" म्हणालं, पण ते हसणं चाललं नाही. मी खाली बघत होतो आणि, खरं सांगतो, पाणी यावं अशी मनातून विनवणी करत होतो. अकरा माणसं आत असताना पाणी यावं असं म्हणणारा माणूस मीच.

आधी पाकोळ्या गेल्या. मग पाण्याचा आवाज बदलला. खळखळ होती ती दबली, जणू कोणी तोंडावर हात ठेवला. कवाडातून पाचोळा आला, काटक्या आल्या, मग तांबूस पाण्याची एक जीभ, वीतभर उंचीची, दगड चाटत. बस्स, एवढंच? असं वाटावं इतकी बारीक. आणि नंतर ते वाढतच गेलं. गुडघा, मांडी, कंबर. आम्ही उभे होतो ती जागा गेली. वाळूची देवळी गेली. कवाडात तर पाणी दोन भिंतींत कोंडून माणसाच्या डोक्यावर हातभर चढलं होतं आणि त्याचा असा आवाज होत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आमच्या पायांखाली माळा थरथरत होता.

दोन तासांनी ते उतरलं. त्या दिवशी वर गेलोच नाही. खाली मामींकडे परत आलो. एस.टी.त संभा माझ्या शेजारी येऊन बसला, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी आत गेलतो, पावणं. तीन पावलं." दुसऱ्या दिवशी भट्टीतून लोखंड निघालं तेव्हा तो ओरडला, "दारपाळ, किती पावलं म्हणालासा?" मी म्हणालो, सतरा. "ऐका रं, सतरा!" त्यानं शेडभर सांगितलं. नाव तेच राहिलं, पण मला ते आता आवडायला लागलं.

मिस्त्रींना मी एकदा विचारलं, तुम्ही त्या दिवशी मान का फिरवली. ते म्हणाले, "मी व्हय म्हणलो असतो तर तुम्ही थांबला असता माझ्या शब्दावर. मी म्हातारा हाय. शब्द किती दिस पुरंल?"

त्यानंतर दरवर्षी घळीला जायच्या आठवडाभर आधी मिस्त्री वरच्या गावाला जाऊन सांगून येत, सोमवारी दुपारपर्यंत बरगे काढू नका. पाचव्या की सहाव्या वर्षी ते निवृत्त झाले. मग दुसरा गुडघाही गेला. ज्या थंडीत ते वारले, तिच्या आधीच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "औंदा मी घळीत न्हाय. मी यष्टीनं वर जातो आन परसूत बसतो. तुम्ही घेऊन या सगळ्यास्नी."

त्या वर्षी पाण्याची टंचाई होती. खालच्या वाड्यांचा ऊस वाळत होता आणि दोन्हीकडचे शेतकरी रोज भांडत होते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त माझं काम केलं. माळ्याशी थांबलो, देवळीत हात घातला. वाळू बोटांतून पिठासारखी सुटली. तरी मन म्हणेना. पाऊण तास बसवलं सगळ्यांना. नवी पोरं कुरकुरली, त्यांना संभानं गप्प केलं. मग कवाडातून एकामागे एक निघालो आणि परसूच्या उजेडात आलो.

समोर बंधारा. त्यावर वीस-पंचवीस माणसं, हातात बरगे ओढायचे आकडे, नुसता गलका. आणि मधल्या गाळ्यावर, पाय खाली सोडून, भर उन्हात, मिस्त्री बसलेले. शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी. एक पोरगा त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा.

"ह्यो तुमचा म्हातारा काय?" वरून एकानं विचारलं. "सकाळी आठपासनं बसलाय. बरगं काढायला आलो तर म्हणतोय, आदी मला काढा. म्हणलं पावणं, खुर्चीत तरी बसा. तर म्हणतोय, खुर्चीत बसलो की तुम्ही काढणार. पानीसुदिक प्याला न्हाय वो!"

"कशाला पिऊ? उठायला लागलं असतं," मिस्त्री म्हणाले. त्यांचं आमच्याकडे लक्ष होतं. अर्धं बोट उचलून ते एकेकाला मोजत होते. सगळ्यात शेवटी संभा कवाडातून बाहेर येऊन काठावर चढला. "बारा," मिस्त्री म्हणाले, आणि मग त्या माणसांकडे वळून, "हां. काढा आता."

त्यांना उठता येईना. गुडघे आखडले होते. मी धावत वर गेलो, एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं तो आकडेवाला, असं काखेत धरून आम्ही त्यांना उचलून कडेला नेलं. त्यांचा हात माझ्या हातात होता. तो थंडी भरल्यासारखा लटलटत होता.

"मिस्त्री," मी हळूच विचारलं, "भ्यालात?"

"सकाळपासनं," ते तितकंच हळू म्हणाले.

तोवर दोघा जणांनी पहिल्या बरग्याला आकडा लावला होता आणि तो तिरपा होऊन खाचेत अडकला होता. मिस्त्रींनी मान ताठ केली. "आरं, एका अंगानं वडू नगा! दोन्ही कडंनी, बरोबर, दमानं... हां. शिकिवलं न्हाय व्हय कुणी तुमास्नी?" त्यांचा आवाज बंधाऱ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात होता. वरच्या गावची माणसं त्यांच्या सांगण्याप्रमाणे दोन्हीकडून ओढू लागली, आणि माझ्या मुठीत त्यांचा हात थरथरतच होता.